मगदूम पण, वरीलप्रमाणे

मगदूम आण्णा दुकानात आले तेव्हा मी स्टुलावर उभा राहून पंख्याच्या पात्याला रबरी पाल बांधत होतो.

पाल माझ्या पार्टनरसाठी होती. जेवून आला की तो पंखा लावून खुर्चीत मान मागं टाकून पडायचा. पंखा फिरला की पाल नेमकी त्याच्या नाकासमोरून जावी, म्हणून मी दोऱ्याचा अंदाज घेत होतो. आण्णा दारात उभे राहून सगळं बघत होते. दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर पार्टनरला बातमी द्यायला पळाला असता.

"उतर खाली," आण्णा म्हणाले. "मेन बंद कर आन मग चढ."

"अहो, पंखा बंदच आहे."

"बटण बंद हाय. मेन चालू हाय. उतर."

मी उतरलो. मेन बंद केला. कॉम्प्युटर विझले, आतल्या खोलीत टायपिंग शिकणाऱ्या पोरी ओरडल्या. आण्णा बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पालीचं पुढं काही झालं नाही. ती तशीच एका दोऱ्यावर लोंबत राहिली.

आण्णा म्हणजे रायगोंडा मगदूम. वीज कंपनीत लाइनमन होते, रिटायर झालेले. आमच्या भागातला असा खांब नसेल ज्यावर हा माणूस चढला नाही. त्यांचा पोरगा शीतल, तोही लाइनमन. दिवाळीच्या थोडं आधी नदीकडच्या लायनीवर झाडाच्या फांद्या तोडायला चढला आणि खांबावरच गेला. मी मातीला गेलो होतो. तिथं काय बोलायचं ते मला सुचलं नव्हतं, आणि मला काही सुचत नाही असं सहसा होत नाही.

चहा मागवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"तुझ्या मशीनला एक इचारायचं हाय," ते म्हणाले.

"विचारा की."

"माझ्या पोरानं नंबर घेतला हुता का न्हाई."

हे नंबराचं प्रकरण आधी सांगायला पाहिजे. लाइनमन खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करतो. तिथं ऑपरेटर असतो. तो त्या भागाची लाइन, तिला फीडर म्हणतात, बंद करतो आणि लाइनमनला एक परमिट नंबर देतो. नंबर मिळाला की मगच चढायचं. काम झालं की परत फोन. "परमिट नंबर अमुक. काम पूर्ण. माणूस उतरला. परमिट परत." ऑपरेटरनं तोच नंबर आपल्या तोंडानं म्हणायचा. मग लाइनमन म्हणतो, "आता चालू करा." तोवर लाइन चालू करायची नाही, मग साहेबाच्या घरी लग्न असो की गावात पिक्चर लागलेला असो. मधल्या वेळात त्या माणसाचा जीव तेवढ्या एका नंबरावर असतो.

आण्णांनी हे शीतलला कधी शिकवलं, तेही त्यांनी त्या दिवशी सांगितलं. परसात पेरूचं झाड होतं. पोरगं चड्डीत होतं तेव्हापासून झाडावर चढायच्या आधी खालून ओरडायचं, "आण्णा, परमिट द्या." आण्णा न्हाणीतून, गोठ्यातून, असतील तिथून एखादा नंबर सांगायचे. उतरलं की पोरगं नंबर परत करायचं. एकदा परत न करताच खेळायला पळालं, तेव्हा आण्णांनी दिवेलागणीला त्याला धरून आणलं, झाडाखाली उभं केलं आणि नंबर म्हणायला लावला. मग जेवायला वाढलं.

"आन तेच पोरगं नंबर न घेता चढलं म्हणत्यात," आण्णा म्हणाले. "साहेबांनी सांगितलं, मशीनमधनं कागद आलाय. समद्या परमिटांची यादी हाय. तेच्यात शीतलचं नाव न्हाई. मी मशीनवर इश्वास ठेवला. लोकं बसायला आली, तवा समद्यांम्होरं मी माझ्या तोंडानं म्हणालो, पोरगं चुकलं."

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उलटी करून ठेवली.

"सून आत हुती. तिनं ऐकलं. त्रिशला. तवापास्नं ती माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढती, पाणी ठेवती, जाती. भिंतीवर फोटो लावायचा हाय तिला. मी न्हाई म्हणालोय. नंबर न घेता चढलेल्या माणसाचा फोटो माझ्या घरात लागणार न्हाई, असं बोलून बसलोय."

चौकशीला वरून एक मॅडम आल्या होत्या, इनामदार म्हणून. त्यांच्या कागदावर 'विनापरवाना' हा शब्द पडला की विषय संपणार होता. शीतलनं चढायच्या आधी डेअरीतून फोन केला होता, हे डेअरीवाला सांगत होता. पण कुणाला केला, काय बोलला, ते त्याला माहीत नव्हतं. तो फॅट मोजत होता.

"म्हणून तुझ्याकडं आलो," आण्णा म्हणाले. "ती यादी तुझ्या मशीननं काढलीया. तेला परत एकडाव इचार. न्हाई म्हणालं तर न्हाई. मग मी परत यायचो न्हाई."

ती यादी माझ्याच प्रोग्रामनं काढलेली होती, हे खरं. तिची कथा थोडी हसण्यासारखी आहे.

सबस्टेशनात पूर्वी जाड रजिस्टर असायचं. कंपनीनं कॉम्प्युटर आणले आणि आमच्या भागातलं काम मला मिळालं. मी स्क्रीनवर नंबराला वेगळी चौकट, लाइनमनच्या नावाला वेगळी, फीडरला वेगळी असं छान करून नेलं. तेव्हाचे साहेब म्हणाले, एवढ्या चौकटी आमचे लोक भरणार नाहीत, एकच मोठी दे. मग वेळ आपोआप पडायची, ऑपरेटरचं नाव आपोआप पडायचं, आणि खाली एकच चौकट, 'शेरा'. त्यात जे सुचेल ते लिहा. ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, एका बोटानं.

पुढं ऑफिसला वाटलं, दर महिन्याला परमिटांची यादी पाहिजे. म्हणजे त्या शेऱ्याच्या खिचडीतून नंबर वेचून काढायचे. मी प्रोग्राम लिहिला. आता एकानं 'परमिट नंबर' लिहिलेलं, एकानं नुसतं 'प नं', एकानं 'पमट', एकाला नंबर शब्दाचं वावडं, तो आधी आकडा लिहून पुढं 'दिला' म्हणायचा. आणि आकडे काय फक्त परमिटाचेच असतात का? पहिल्या महिन्याच्या यादीत परमिट क्रमांक चार हा 'कट' नावाच्या लाइनमनला दिलेला निघाला. मूळ शेरा होता, 'चहा ४ कट', म्हणजे चार कटिंग. साहेब त्या कटला शोधत होते. मी आठवडाभर त्यांना शोधू दिलं.

मग मी प्रोग्रामला शहाणं केलं. परमिटाचा कुठलाही अवतार दिसला तर त्याच्या शेजारचा आकडा घे, फीडरचं नाव घे, माणसाचं नाव घे. ज्या ओळीत असा आकडाच नाही ती बाजूला टाक. त्या बाजूला टाकलेल्या ओळींच्या फाइलला मी नाव दिलं होतं 'गाळ'. ऑफिसला सांगितलं होतं, गाळ पण बघत जा. त्यांनी कधी मागितला नाही. मी मात्र वाचायचो. माझी करमणूक होती ती. 'ब्रेकरवर मोर बसला आहे. हलत नाही.' 'साहेब आले. साहेब गेले.' 'मुबारकचा फोन. काही काम नाही.'

हा शेवटचा शेरा केरबा चौगुल्याचा. केरबा नदीकडच्या सबस्टेशनचा ऑपरेटर आणि माझा दोस्त. आजही रस्त्यात दिसला तर तो थांबतो आणि मी आधी बोलायची वाट बघतो. तेव्हा तसं नव्हतं. मी त्याच्या कॉम्प्युटरवर सकाळी सकाळी 'केरबा, आंघोळ केलीस का' असं झळकवून ठेवायचो आणि तो खरंच मान खाली घालून 'केली' असं टाइप करायचा. पाच-सहा शब्दांच्या वर त्यानं कधी शेरा लिहिला नाही. बोटं दुखतात म्हणायचा.

त्या दिवशी ड्यूटीवर केरबाच होता.

मी आण्णांना बसवून ठेवलं, मेन चालू केला आणि त्या दिवसाचा, अजून न वाचलेला गाळ उघडला. नदी फीडर चालू केल्याच्या वेळेच्या आधी, बऱ्याच आधी, एक ओळ होती.

'मगदूम पण. वरीलप्रमाणे.'

मी ती परत परत वाचली. आण्णांना वाचता येत होतं, पण मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवला नाही. वळवायला पाहिजे होता की नाही, तेव्हा ठरवता येईना. कारण वरील म्हणजे कुठलं?

रजिस्टर होतं तेव्हापासून ऑपरेटरांची ती सवय. नंबर, फीडर, सगळं परत लिहायचा कंटाळा आला की 'वरीलप्रमाणे' लिहायचं. माणसाला कळतं. मशीनला प्रत्येक ओळ सुटी दिसते. तिनं त्या ओळीत आकडा शोधला, सापडला नाही, टाकली गाळात.

मी त्या दिवसाच्या सगळ्या ओळी लावून बघितल्या. बरोबर वरची ओळ होती: 'माळ फीडर प नं ३४२ जाधव.' तिच्या वर: 'चहा.' तिच्या वर: 'नदी फीडर प नं ३४१ ठोंबरे.' आणि मगदूमच्या ओळीखाली, बऱ्याच वेळानं: '३४१ परत. नदी चालू.'

प्रोग्रामला 'वरीलप्रमाणे'चा अर्थ शिकवायचा तर वरची ओळ उचल असं सांगायचं. तसं करून बघितलं. यादीत शीतल आला. माळ फीडर, तीनशे बेचाळीस. म्हणजे परमिट घेतलं एका लायनीचं आणि चढला दुसऱ्याच लायनीवर. 'विनापरवाना' जाऊन 'निष्काळजीपणा' आला असता. आण्णांना हे सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं होतं.

आणि वरील म्हणजे तीनशे एक्केचाळीस असेल, तर गोष्ट वेगळीच होती. मग त्या दिवशी एका नंबरावर दोन माणसं वर होती, एक ठोंबरे आणि एक शीतल. ठोंबरे उतरला, नंबर परत झाला, लाइन चालू झाली.

यातलं कुठलं खरं, हे मशीन सांगू शकत नव्हतं. एकच माणूस सांगू शकत होता, आणि त्यानं चौकशीत लिहून दिलं होतं, 'नोंदीत आहे तेच खरं.'

"काय म्हणतंया?" आण्णांनी विचारलं.

"त्यानं फोन केला होता, आण्णा. सबस्टेशनलाच केला होता."

"नंबर?"

"ते विचारावं लागेल."

"कुणाला?"

मी गाळाची फाइल बंद केली. आण्णांनी टोपी घातली. चाळीस उन्हाळे या खात्यात काढलेला माणूस, त्यांनी परत विचारलं नाही.

ते गेल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. त्या दिवसानंतरचे केरबाचे शेरे काढून बघितले. दुसऱ्याच दिवसापासून त्याच्या ओळी लांब झाल्या होत्या. फीडरचं पूर्ण नाव, परमिट क्रमांक, लाइनमनचं नाव-आडनाव, कुठल्या खांबावर, कशासाठी. एका फीडरवर दोघं असले तर दोघांना दोन नंबर. बोटं दुखणारा माणूस परिच्छेद लिहीत होता. 'वरील' हा शब्द परत कुठंच नव्हता.

मग मी इनामदार मॅडमना भेटलो. विश्रामगृहात फायलींच्या ढिगामागं बसल्या होत्या. मी गाळ दाखवला, दोन्ही शक्यता सांगितल्या. त्यांनी सरळ विचारलं, "मग चौगुल्यांना बोलावून विचारूया ना, कुठला नंबर?"

"सरळ विचारलंत तर तो तीनशे बेचाळीस म्हणेल. बरोबर वरच्याच ओळीत आहे. तुम्हाला मानावं लागेल."

"म्हणजे?"

"आधी त्याच्या तोंडून रीत काढून घ्यायची. नंबर नंतर. मला विचारू द्या. माझ्या पद्धतीनं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्याबद्दल ऐकलंय मी. या चौकशीत गंमत चालणार नाही."

"गंमतच करायची आहे, मॅडम. पण हसायला नाही."

चौकशी सबस्टेशनच्याच कंट्रोल रूममध्ये ठेवली. भिंतीला पॅनेल, त्यावर प्रत्येक फीडरचं हँडल आणि लाल-हिरवे दिवे, कोपऱ्यात टेबलावर माझा कॉम्प्युटर आणि शेजारी करकरणारा प्रिंटर. मॅडम मधल्या खुर्चीत. ठोंबरे भिंतीला टेकून. केरबा हातांची घडी घालून. आण्णा दाराजवळ स्टुलावर, टोपी गुडघ्यावर. बाहेर ट्रान्सफॉर्मरची घरघर चाललेली.

मी सुरुवात केली ती आपण यादी सुधारतोय अशी. म्हटलं, मॅडमना प्रोग्राम नीट करून पाहिजे, आणि ऑपरेटरांच्या शेऱ्यांचा अर्थ मला एकट्याला लागत नाही. केरबाच्या हातात कागद दिला आणि वाचायला सांगितलं. पहिला शेरा मोराचा होता. केरबानं वाचला, आणि मोर कसा उठेना, शेवटी ठोंबरेच्या डब्यातली भाकरी दाखवून त्याला कसा खाली आणला, तेही सांगितलं. ठोंबरे भिंतीला टेकून हसला. मग 'चहा ४ कट' आलं. मॅडमसुद्धा हसल्या, कारण त्या कटला शोधणारे साहेब त्यांच्या ओळखीचे निघाले. केरबाची हातांची घडी सुटली. मला वाईट वाटत होतं. तो खुलत होता ते बघून जास्तच.

मग मी जुन्या एका महिन्याचा कागद पुढं केला.

"आणि हे काय रे? 'पोवार पण. वरीलप्रमाणे.' वरची ओळ तर दुसऱ्याच फीडरची आहे. पोवार कुठं चढला म्हणायचा?"

"लेका, तुला एवढं कळत न्हाई?" केरबा म्हणाला. "फीडर आधीच बंद असला आन तेच्यावरच दुसऱ्या माणसानं परमिट मागितलं, तर आहे तोच नंबर सांगायचा. परत कशाला लिव्हायचं?"

"पण वर दुसऱ्या फीडरची ओळ आहे ना."

"असंना का. वरील म्हंजे तेच्या फीडरचं वरील. मधी चहा आला तर चहावर चढत्यात व्हय माणसं?"

ठोंबरे परत हसला. "सगळीच करत्यात मॅडम असं," तो म्हणाला. "समद्या सबस्टेशनात."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांचं पेन कागदावर थांबलेलं होतं.

मी शेवटचा कागद केरबासमोर ठेवला. त्यावर एकच ओळ छापलेली होती.

त्यानं बघितलं. चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, ते काढायचं भान त्याला राहिलं नाही. मग एकदा माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही. मी त्याच्या किती खोड्या काढल्या होत्या, प्रत्येक वेळी तो आधी चिडायचा आणि मग म्हणायचा, फसवलंस की रं. त्या दिवशी तो तसं काही म्हणाला नाही.

"वाचा, चौगुले," मॅडम म्हणाल्या.

केरबानं कागद उलटा केला आणि टेबलावर ठेवला. त्यावर तळहात दाबला.

"तीनशे एक्केचाळीस," तो म्हणाला.

त्याला नंबर अजून कुणी विचारला नव्हता. त्या कागदावर तो आकडा नव्हताच.

ठोंबरे भिंतीपासून सुटून सरळ उभा राहिला. "माझा नंबर?" तो म्हणाला. "मला म्हाईत न्हवतं, केरबा. वर कोण हाय ते मला म्हाईतच न्हवतं."

"तुला कसं म्हाईत असंल? मी सांगितलंच न्हाई." केरबा त्याच्याकडं न बघता बोलत होता. आवाज सपाट, शेरा वाचून दाखवावा तसा. "शीतलचा फोन आला. म्हणाला, केरबादा, नदी फीडरवर काम हाय, नंबर द्या. मी म्हणालो, फीडर बंदच हाय, ठोंबरे वर हाय. तीनशे एक्केचाळीसवरच चढ. तर म्हणाला, येगळा द्या की. मी म्हणालो, लेका, एका फीडरला किती नंबर लावू? मग हसला. म्हणाला, बरं, पर आण्णांना सांगू नका. कळलं तर जेवाय वाढायचे न्हाईत."

दाराजवळ स्टूल करकरलं. कुणी तिकडं बघितलं नाही.

"ठोंबरेचा फोन आला. काम झालं, नंबर परत. मी नंबर म्हणालो आन लाइन चालू केली. मला तवा शीतल आठवलाच न्हाई. हँडल वर केलं आन मग आठवला." केरबानं तळहात कागदावरून उचलला आणि परत ठेवला. "हँडल खाली वढलं मी. लगेच वढलं."

पॅनेलवरचा नदी फीडरचा दिवा लाल होता. लाल म्हणजे चालू.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात आण्णा उठले. मला वाटलं आता ते केरबाला धरणार. ठोंबरेलाही तसंच वाटलं असणार, तो मधे येऊन उभा राहिला. आण्णांनी त्याला हातानं बाजूला केलं, ढकललं नाही, नुसतं बाजूला केलं, आणि टेबलासमोर जाऊन उभे राहिले. टोपी नीट घातली.

"नदी फीडर," ते म्हणाले. फोनवर बोलतात तशा आवाजात, शब्द सुटे सुटे करून. "परमिट नंबर तीनशे एक्केचाळीस. मगदूम."

केरबा त्यांच्याकडं बघत राहिला.

"काम ऱ्हायलंय," आण्णा म्हणाले. "माणूस उतरलाय. परमिट परत."

रीत अशी की आता ऑपरेटरनं नंबर म्हणायचा. आण्णा थांबले. केरबानं उलट्या कागदाकडं बघितलं. आण्णा तसेच थांबले. त्यांना घाई नव्हती. झाडाखाली पोराला उभं करून थांबले असतील तसे.

"तीनशे एक्केचाळीस," केरबा म्हणाला. "मगदूम. परत."

"लिव्ह."

केरबा कॉम्प्युटरपुढं बसला. एका बोटानं टाइप करायला लागला. त्याला वेळ लागत होता, मधे अक्षर चुकलं की पुसून परत लिहीत होता. खोलीत त्या बटणांचा आवाज आणि बाहेरची घरघर. मॅडमनी चष्मा काढून हातात धरला होता. लिहून झालं तसा प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला. मी तो फाडून आण्णांना दिला.

त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला. नदी फीडर. परमिट नंबर ३४१. मगदूम शीतल रायगोंडा. त्या चौकटीत तोवर कुणी एवढं पूर्ण नाव लिहिलं नव्हतं.

"हे मी न्हेतो," ते मला म्हणाले. "सुनंला वाचून दावायचंय. नंबर घेऊन चढलं हुतं म्हणून सांगायचंय." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "आन खिळा ठोकायचाय भिंतीला. हातोडी कुठं ठिवलीया तीच देईल शोधून."

ते दारापर्यंत गेले. तिथं थांबून वळले.

"केरबा."

केरबा उठून उभा राहिला.

"आता चालू कर," आण्णा म्हणाले.

फीडर चालूच होता. दिवा लाल होता, नदीकाठच्या गावांत पंप चालले असतील, डेअरीचं यंत्र चाललं असेल. केरबा पॅनेलपाशी गेला आणि नदी फीडरच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिला. आम्ही सगळे बाहेर आलो तरी तो तसाच उभा होता.